रम: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

थंडी पडली की या सदराकडे रमबद्दलची पत्रं वाढतात. नागपूर शहर, कामठी, काटोल, उमरेड इथून आलेल्या पत्रांतले प्रश्न निवडून घेतले आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. महाराष्ट्रात रमसाठी वयाची २५ वर्षं पूर्ण असावी लागतात आणि परवाना लागतो. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे, त्यामुळे नागपूरहून तिकडे निघताना गाडीत बाटली ठेवू नका. सीलबंद असली तरी तो गुन्हाच आहे.

प्रश्न: रम जितकी काळी तितकी जुनी आणि मुरलेली, असं सगळेच म्हणतात. पांढरी रम म्हणजे कच्ची का? (कामठी)

नाही. भट्टीतून उतरलेलं कुठलंही मद्य पाण्यासारखं पारदर्शक असतं. ओकच्या पिंपात ठेवल्यावर त्याला सोनेरी-तपकिरी छटा येते, पण आपल्याकडच्या काळ्या रमचा गडद रंग बहुतेक करून कॅरॅमलचा, म्हणजे जाळलेल्या साखरेचा असतो. हे कायदेशीर आहे, त्यात फसवणूक नाही. मात्र रंगावरून वय ठरवता येत नाही. उलट काही पांढऱ्या रम पिंपात मुरवून नंतर कोळशातून गाळतात आणि रंग काढून टाकतात.

वय कळायचं तर लेबलवरचा आकडा बघा. तोही तारतम्याने वाचा. स्कॉटलंडच्या थंडीत पिंपातलं वर्षाला साधारण दोन टक्के मद्य उडून जातं. भारताच्या मैदानी भागात हेच प्रमाण आठ-दहा टक्क्यांपर्यंत जातं. उष्णतेने लाकूड आणि मद्य यांची देवघेव भराभर होते, म्हणून इथली सात वर्षं आणि तिथली सात वर्षं सारखी धरू नयेत.

घरी दोन साध्या परीक्षा करता येतात. बशीत चमचाभर रम ओतून रात्रभर उघडी ठेवा. सकाळी बोटाला चिकट लागलं तर गोडी वरून घातलेली आहे. दुसरी परीक्षा रिकाम्या पेल्याची. रम ओतून टाका, पेला न धुता ठेवा आणि दुसऱ्या दिवशी वास घ्या. पिंपात मुरलेल्या रमचा लाकडाचा, सुक्या मेव्याचा वास टिकून असतो. नुसत्या इसेन्सचा गोड वास तोवर बहुधा उडालेला असतो.

प्रश्न: एका बाटलीवर ४२.८ टक्के, जुन्या बाटलीवर ७५ प्रूफ, कुठे २५ यूपी असं लिहिलेलं असतं. यातली कडक कोणती? (धंतोली)

तिन्ही एकच. इंग्रजांच्या काळी मद्यात पाणी घातलंय का हे बघायला ते बंदुकीच्या दारूवर ओतून पेटवत. बंदुकीची दारू पेटली तर माल खरा, नुसतीच फुसफुसली तर पाणी जास्त. पुढे हे माप पक्कं झालं ते असं: १०० प्रूफ म्हणजे आकारमानाने ५७.१५ टक्के अल्कोहोल. ७५ ला ०.५७१५ ने गुणलं की ४२.८६ येतात. यूपी म्हणजे अंडर प्रूफ. शंभरातून २५ खाली, म्हणजे पुन्हा ७५. गोंधळ होतो तो अमेरिकी बाटलीवर. तिथलं प्रूफ टक्केवारीच्या दुप्पट असतं. अमेरिकी ८० प्रूफ म्हणजे ४० टक्के, तर ब्रिटिश ८० प्रूफ म्हणजे ४५.७.

याच आकड्यावरून पुढचा हिशेब करावा, कारण तो जीवावरचा आहे. ६० मिलीचा लार्ज पेग घ्या. त्यातलं शुद्ध अल्कोहोल २५.७ मिली, वजनाने २० ग्रॅमच्या आसपास. ६५ किलो वजनाच्या पुरुषाने तो रिकाम्या पोटी घेतला तर दर १०० मिली रक्तात ४० मिलिग्रॅमहून अधिक अल्कोहोल चढू शकतं. मोटार वाहन कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. म्हणजे ‘एकच तर घेतली’ म्हणून स्कूटरला किक मारणाराही मर्यादेच्या बाहेर असू शकतो. बायकांच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असल्याने तेवढ्याच पेगने आकडा आणखी वर जातो.

उतरण्याचा वेग तासाला साधारण १५ मिलिग्रॅम. तो लिंबूपाण्याने, कॉफीने किंवा आंघोळीने वाढत नाही. अख्खी क्वार्टर (१८० मिली) रात्री बाराला संपवली, तर सकाळी सातला नाक्यावरचं यंत्र पकडू शकतं. झोप झाली म्हणजे उतरली, हा समज सोडून द्या.

प्रश्न: आमच्याकडं पहिल्या धारेची म्हणजे सगळ्यात भारी, असं म्हणतेत. मंग कारखान्यात पहिली धार बाजूला काहून काढतेत? (काटोल)

प्रश्न फार नेमका आहे. गाळताना आधी येतं ते सर्वांत कडक असतं आणि पुढे पुढे पाण्याचा अंश वाढत जातो. तेवढ्यापुरती म्हण खरी. पण ‘कडक’ म्हणजे ‘चांगली’ नव्हे. अल्कोहोल ७८.४ अंश सेल्सिअसला उकळतं. त्याआधी उडणारे पदार्थ पहिल्या धारेत एकवटतात: ॲसिटाल्डिहाइड २० अंशांनाच उडतं, इथाइल ॲसिटेट ७७ ला. वास घेतला तर नखांच्या पॉलिशसारखा झोंबतो. घसा जळणं, डोकं फुटणं यात यांचा वाटा मोठा. शेवटच्या धारेत जड, तेलकट अल्कोहोलं येतात, ओल्या पुठ्ठ्यासारख्या वासाची. म्हणून जाणकार गाळणारा सुरुवात आणि शेवट दोन्ही वेगळे काढतो आणि मधला भाग ठेवतो. कुठे तोडायचं, यातच त्याचं कसब. जमैकाच्या काही भट्ट्यांत शेवटचा भाग फेकत नाहीत, पुढच्या घाण्यात परत घालतात. त्यांच्या रमचा तो पिकलेल्या केळ्या-अननसासारखा दणदणीत वास आंबवणं लांबवल्याने आणि अशा पुनर्वापराने येतो.

आता विषारी दारूबद्दल, कारण पत्राचा रोख तिकडेही आहे. मेथॅनॉल, म्हणजे विषारी अल्कोहोल, पहिल्या धारेत सगळं निघून जातं, हा समज चुकीचा आहे. ते थोडं थोडं शेवटपर्यंत येत राहतं. रम होते ती मळीपासून, म्हणजे उसाची साखर काढल्यावर उरणाऱ्या काळ्या पाकापासून. मेथॅनॉल तयार होतं ते फळांतल्या पेक्टिन नावाच्या चिकट घटकातून; मळीत तो कमी असल्यामुळे मुळात ते तयारच फार होत नाही. माणसं मरतात ती कारखान्यातलं मेथॅनॉल चोरून दारूत मिसळल्याने. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला शंभराहून अधिक बळी गेले ते असेच. लक्षणं लगेच दिसत नाहीत. बारा ते चोवीस तासांनी पोटात दुखतं, उलट्या होतात, श्वास वाढतो आणि डोळ्यांपुढे पांढरं धुकं येतं. असं झालं तर ‘उतरली नाही अजून’ म्हणून झोपवून ठेवू नका. सरळ नागपूरचं मेडिकल किंवा मेयो रुग्णालय गाठा आणि काय प्यायलं ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा. वेळेत पोचलं तर उतारा आहे; उशीर झाला तर दृष्टी जाते ती परत येत नाही. घरी दारू गाळणं हा गुन्हा आहे, आणि त्याची कृती या सदरात कधीही मिळणार नाही.

प्रश्न: नाताळच्या केकसाठी फळं रममध्ये भिजवते, पण दोनदा वर बुरशी आली. शिवाय भाजल्यावर दारू उडून जाते ना? घरात लहान मुलं आहेत. (सदर)

बुरशी येते ती पाण्यामुळे. मनुका धुऊन ओल्याच बरणीत भरल्या की रम पातळ होते आणि वर आलेली फळं उघडी पडतात. धुवायच्याच असतील तर कापडावर पसरून पंख्याखाली पूर्ण दिवस वाळवा.

प्रमाण असं ठेवा: काळ्या मनुका २०० ग्रॅम, बेदाणे १५०, बिया काढलेला खजूर १००, संत्र्याच्या सालीचा मुरंबा ५०. अशा अर्धा किलो फळांना १८० मिली रम, म्हणजे बरोबर एक क्वार्टर. काचेची बरणी उकळत्या पाण्याने धुऊन कोरडी करा, दोन तृतीयांशच भरा, झाकण घट्ट लावा. दोन-तीन दिवसांनी बरणी उलटी-सुलटी करत राहा, म्हणजे वरची फळं खाली जातील. तीन आठवडे पुरतात. बेदाणे फुगून रम शोषून घेतात आणि तळाशी काहीच उरत नाही, तेव्हा आणखी दोन-तीन चमचे घाला. महागडी रम यासाठी वाया घालवू नका. साधी काळी रम इथे जास्त चांगली, तिच्यातली जळक्या साखरेची चव केकला हवीच असते.

संत्र्याची साल नागपूरकरांनी बाजारातून आणू नये. आपल्या संत्र्याची साल सैल, सुटी निघते. आतला पांढरा पापुद्रा चमच्याने खरवडा, सालीचे बारीक काप करा, तीनदा नव्या पाण्यात उकळी आणून पाणी टाकून द्या. मग साखर आणि पाणी समसमान घेऊन मंद आचेवर ४० मिनिटं शिजवा. पाणी तीनदा बदललं नाही तर कडवटपणा केकभर पसरतो आणि रमच्या माथी मारला जातो.

आता दारू उडण्याबद्दल. पूर्ण उडत नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याचे आकडे यासाठी सगळीकडे वापरतात. पिठात मिसळून तासभर भाजलं तर मूळ अल्कोहोलचा चौथा हिस्सा उरतो, दोन तासांनी दहावा. गरम पदार्थावर रम ओतून नुसती पेटवली तर तब्बल तीन चतुर्थांश तशीच राहते. ज्वाळा दिसते म्हणून सगळी जळाली असं वाटतं एवढंच. आणि केक झाल्यावर सळईने भोकं पाडून आठवड्याला चमचा-चमचा रम पाजता, तिला तर आचच लागत नाही. मुलांसाठी, गरोदर बाईसाठी, औषध चालू असलेल्यांसाठी आणि न पिणाऱ्या पाहुण्यांसाठी वेगळा केक करावा आणि तसं सांगून वाढावं. त्यात १५० मिली संत्र्याचा रस आणि दोन मोठे चमचे काकवी वापरा. काकवीमुळे रमच्या जवळ जाणारी चव येते, कारण दोन्हींचं मूळ उसातच. मात्र हे भिजवणं फ्रिजमध्ये एका रात्रीपुरतंच. रस आंबायला वेळ लागत नाही.

ओट्याजवळ आणखी एक काळजी घ्या. ४० टक्क्यांच्या मद्याची वाफ २६ अंशांना पेट घेऊ शकते. आपल्याकडे मे महिन्यात रात्रीसुद्धा स्वयंपाकघर याहून गरम असतं. पेटत्या शेगडीजवळ बाटलीतून रम ओतू नका. वाटीत काढा, गॅस बंद करा, मग घाला.

प्रश्न: सर्दीवर गरम पाण्यातून रम हे औषध आहे का? (प्रतापनगर)

नाही. त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात म्हणून ऊब वाटते, पण शरीराची आतली उष्णता त्यातूनच बाहेर जाते. डिसेंबरात पारा दहाच्या खाली गेलेला असताना पिऊन उघड्यावर झोपणाऱ्याला थंडी वाटत नाही आणि तो गारठून मरतो, त्याचं कारण हेच. सर्दीच्या गोळीने येणारी गुंगी रमने वाढते, आणि पॅरासिटामॉलबरोबर यकृतावर ताण येतो. गरम पाणी प्या, मिठाच्या पाण्याने गुळण्या करा, वाफ घ्या. लहान मुलाच्या छातीला रम चोळणं किंवा चमचाभर पाजणं तर कधीच नको.

प्रश्न: रम आणि समुद्री चाचे यांचं नातं खरं आहे की सिनेमावाल्यांनी जोडलेलं? रमचा खरा इतिहास थोडक्यात सांगाल का? (लक्ष्मीनगर)

चाचे रम प्यायचे, पण हाती लागेल ते सगळंच प्यायचे; वाइन, ब्रँडी, बिअर, लुटीत जे येईल ते. त्यांच्या तोंडी रमची बाटली कायमची बसली ती स्टीव्हन्सनच्या १८८३ च्या ‘ट्रेझर आयलंड’ कादंबरीतल्या गाण्याने. सिनेमांनी पुढे तेच चित्र गिरवलं.

खरा इतिहास त्याहून फार काळा आहे, आणि तो थोडक्यात उरकू नये असं आमचं ठाम मत आहे.

उसापासून दाणेदार साखर काढण्याची विद्या भारतात घडली. इथून ती इराण, अरब देश, भूमध्य समुद्र असा प्रवास करत गेली आणि १४९३ मध्ये कोलंबसने दुसऱ्या सफरीत ऊस कॅरिबियन बेटांवर नेला. १६४० च्या दशकापासून बार्बाडोसमध्ये उसाचे प्रचंड मळे उभे राहिले. राबायला आफ्रिकेतून पकडून आणलेली माणसं. साखर झाल्यावर उरणारी मळी सुरुवातीला टाकाऊ होती. ती उष्ण हवेत आपोआप आंबते हे लक्षात आलं आणि ती गाळून जे निघालं त्याला इंग्रज ‘किल-डेव्हिल’ आणि ‘रम्बुलियन’ म्हणत. ‘रम’ हे त्याचंच आखडतं रूप असावं असं बहुतेक अभ्यासक धरतात. बार्बाडोसच्या माउंट गे भट्टीचा १७०३ चा दस्त आजही दाखवला जातो.

यानंतरचं चक्र नीट समजून घ्यावं. बेटांवरची मळी जहाजाने उत्तर अमेरिकेत जायची. न्यू इंग्लंडमध्ये, विशेषतः ऱ्होड आयलंडच्या न्यूपोर्टला, तिची रम व्हायची. ती रम पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर देऊन माणसं विकत घेतली जायची आणि ती माणसं पुन्हा उसाच्या मळ्यांवर. मळीतून रम, रममधून गुलाम, गुलामांच्या घामातून पुन्हा मळी. ब्रिटनने १७३३ मध्ये परदेशी मळीवर गॅलनमागे सहा पेन्स कर बसवला. वसाहतींनी तो चुकवायला सर्रास चोरटी आयात केली. १७६४ मध्ये कर निम्म्यावर आणून वसुली कडक केली, तेव्हा असंतोष उफाळला. अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धाची कारणं सांगताना चहाचं नाव सगळे घेतात, मळीचं कुणी घेत नाही.

गुलामगिरी कायद्याने संपल्यावर मळे थांबले नाहीत. त्यांनी भारतातून गिरमिटिये, म्हणजे करारावर बांधलेले मजूर, नेले: १८३४ पासून मॉरिशसला, १८३८ मध्ये ब्रिटिश गयानाला, १८४५ मध्ये त्रिनिदादला. मॉरिशसला गेलेल्यांत कोकणातली मराठी माणसंही होती. तिथला मराठी समाज आजही गणपती बसवतो. रमचा इतिहास परका वाटत असेल त्यांनी हे लक्षात घ्यावं.

आता आरमाराची बाजू. १६५५ मध्ये इंग्रजांनी जमैका घेतलं आणि त्या भागातल्या जहाजांवर बिअरऐवजी रम वाटली जाऊ लागली, कारण पिंपातली बिअर आंबायची आणि पाण्यावर शेवाळ धरायचं. रोज माणशी अर्धा पाइंट, म्हणजे पाव लिटरहून अधिक, तीही निर्जळ! खलाशी डोलकाठीवरून पडू लागले. १७४० मध्ये ॲडमिरल व्हर्ननने हुकूम काढला: अर्धा पाइंट रममध्ये चौपट पाणी, आणि तेही दिवसातून दोन हप्त्यांत. तो ग्रॉग्रॅम नावाच्या जाडसर कापडाचा डगला घालायचा म्हणून खलाशी त्याला ‘ओल्ड ग्रॉग’ म्हणत. त्या पाणचट रमलाही तेच नाव पडलं. १८२४ मध्ये वाटप निम्मं झालं, १८५० च्या सुमारास पुन्हा निम्मं, आणि ३१ जुलै १९७० ला ते कायमचं बंद झालं.

प्रश्न: आपल्या भाषांतून इंग्रजीत गेलेले दारूचे शब्द आहेत का? आणि संत्र्याचं रम-पंच कसं करावं? केलं की दरवेळी कडू होतं. (रामदासपेठ)

ताडी तिकडे ‘टॉडी’ झाली. ताडाच्या रसाचं नाव स्कॉटलंडमध्ये गरम पाणी-मद्य-साखरेच्या पेयाला चिकटलं. ‘पंच’चं मूळ आपल्या ‘पंच’मध्ये असल्याचं सर्वसाधारण मत आहे. मद्य, साखर, लिंबू, पाणी, मसाला असे पाच जिन्नस. १६७० च्या दशकात सुरत-मुंबईकडे फिरलेल्या जॉन फ्रायर या इंग्रज वैद्याने हीच व्युत्पत्ती लिहून ठेवली आहे. आपल्याकडे उसाचं मद्य मात्र रमच्या फार आधीचं. मनुस्मृतीत गौडी, पैष्टी आणि माध्वी अशा तीन सुरा सांगितल्या आहेत. त्यातली गौडी गुळाची. ती आंबवलेली असे, म्हणून तिला रम म्हणता येणार नाही, पण नातं सख्खं आहे.

आता पंच. बार्बाडोसचं जुनं माप लक्षात ठेवायला सोपं आहे: एक भाग आंबट, दोन गोड, तीन कडक, चार पाणचट. चार पेल्यांसाठी लिंबाचा रस ४० मिली, साखरेचा पाक ८०, रम १२०, आणि उरलेलं १६० मिली म्हणजे संत्र्याचा रस, पाणी, बर्फ मिळून. वर जायफळाची चिमूट. यात दोन चुका होतात. पहिली, लिंबाऐवजी संत्रं वापरणं. नागपुरी संत्रं आंबट कमी आणि गोड जास्त. ते ‘आंबट’च्या खात्यात धरलं तर पंच गुळचट होतं. म्हणून लिंबू ठेवाच, आणि संत्रं भरपूर असेल तर पाक ८० वरून ५० वर आणा.

दुसरी चूक तुमच्या कडूपणाची. संत्र्याचा रस काढल्या काढल्या गोड लागतो आणि तास-दोन तासांत कडवट व्हायला लागतो. फोडीच्या पापुद्र्यात आणि बियांत एक पदार्थ असतो, जो स्वतः कडू नसतो. रसातल्या आम्लाने त्याचं हळूहळू लिमोनिन होतं आणि ते कडूजहर. आपल्या संत्र्याच्या रसाचे कारखाने याच्याशीच झगडतात. त्यामुळे मिक्सर वापरू नका, त्यात बिया भरडल्या जातात. फोडी सोलून, बिया काढून, हाताने हलके पिळा, गाळा आणि पंधरा मिनिटांत वाढा. सकाळी रस काढून रात्रीच्या पाहुण्यांसाठी ठेवणं, इथेच सगळं बिघडतं. आंबिया बहाराची फळं दिवाळीनंतर येतात, मृगाची फेब्रुवारी-मार्चमध्ये. पंचासाठी आम्ही मृगाची पसंत करतो, त्यात गोडी भरलेली असते.

प्रश्न: ओल्ड मंक फौजेची रम होती का? आणि आपली व्हिस्की मुळात रमच असते, हे खरं का? (मोहननगर)

ओल्ड मंक १९५४ मध्ये आली. तिची कंपनी एडवर्ड डायरने १८५५ मध्ये कसौलीला काढलेल्या भट्टीच्या वंशातली. जालियनवाला बागेत गोळीबार करवणाऱ्या जनरल डायरचा तो बाप. १९४९ मध्ये नरेंद्रनाथ मोहन यांनी कंपनी घेतली. गाझियाबादचं मोहननगर त्यांच्या नावाचं; तुमच्या पत्त्यातल्या मोहननगराशी त्याचा संबंध नाही. खास फौजेसाठी बनणारी रम वेगळी, हर्क्युलिस वगैरे. ओल्ड मंक पसरली ती जाहिरातीविना, कँटीनमधून आणि वसतिगृहांतून. १९७७ मध्ये कोका-कोला देशातून गेल्यावर त्याच वर्षी आलेल्या थम्सअपच्या रूपाने ओल्ड मंकला जोडीदार मिळाला. कोका-कोला १९९३ मध्ये परत आली, पण जोडी तुटली नाही.

व्हिस्कीबद्दल: भारतातल्या स्वस्त व्हिस्क्यांमध्ये बरंचसं मद्य मळीपासून काढलेलं असतं. ९६ टक्क्यांपर्यंत शुद्ध केलेल्या त्या चवहीन मद्यात थोडं माल्ट (मोड आणलेल्या बार्लीचं मद्य), रंग आणि चव घालतात. युरोपच्या नियमांत व्हिस्की धान्याचीच लागते, म्हणून तिथे अशी बाटली व्हिस्की या नावाने विकता येत नाही. इथे चालते. चव आवडत असेल तर प्या, पण व्हिस्की ‘भारी’ आणि रम ‘हलकी’ ही उतरंड मळीच्या टाकीपाशी टिकत नाही.

प्रश्न: आजोबांच्या कपाटात ‘फक्त संरक्षण दलांसाठी’ असा शिक्का असलेली सीलबंद रम निघाली. किती वर्षांची कोण जाणे. चालेल का? विकता येईल का? (कामठी)

विकू नका. फौजी कँटीनचा माल बाहेर विकणं गुन्हा आहे.

पिण्याजोगी आहे का, हे बघायचं तर आधी बाटली उजेडासमोर धरून पातळी बघा. मद्य काचेत मुरत नाही. १९८० ची बाटली आज उघडली तरी ती तेवढ्याच वयाची रम. पातळी मानेपर्यंत असेल, तळाशी गाळ नसेल, झाकणाच्या कडेला चिकट ओघळ सुकलेला नसेल तर माल बहुधा ठीक. पातळी खांद्याच्या खाली गेली असेल तर नागपूरच्या उन्हाळ्यांनी आपलं काम केलंय. झाकणाच्या फटीतून अल्कोहोल आधी उडतं आणि मागे पचपचीत, पुठ्ठ्याच्या वासाची रम उरते. धातूच्या झाकणाला आतून गंज किंवा हिरवट थर दिसला तर ओतून टाका. सील तुटलेलं असेल किंवा पुन्हा लावल्यासारखं दिसत असेल तरीही टाका. आत काय भरलंय हे बाहेरून कळायचा मार्ग नाही.

नवी बाटली ठेवायची तर उभी ठेवा. वाइनसारखी आडवी ठेवली की कडक मद्य बुचाला खातं. गच्चीखालचं वरचं कपाट आणि पश्चिमेची भिंत टाळा. ती भिंत मे महिन्यात संध्याकाळीही हाताला पोळते. उघडलेली बाटली निम्म्याखाली आली की वर हवा जास्त होते आणि सहा-आठ महिन्यांत चव सपाट पडते. उरलेली रम लहान स्वच्छ काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून ठेवा आणि बाहेर नाव-तारीख लिहा, म्हणजे घरात कुणी चुकून काकवी समजून घेणार नाही.